बिनदेवाचा पुढारी

“किती देवाचा गा तू?” लच्छूआजीने विचारलं, आणि त्या शहरी पाहुण्याने बशीतला चहा संपवून मोठ्या ऐटीत सांगितलं, “आजी, मी देवबिव मानत नाही.”

आजीच्या हातातली पानाची चंची खाली पडली. अंगणातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मी जी पदरात तोंड खुपसून हसत सुटले ती आईने डोळे वटारले तेव्हाच थांबले.

“अवं बाई बाई!” आजी म्हणाली. “मानत नाई म्हंते! मी उद्या म्हटलं का मी बेंबी मानत नाई, तं काय जाईल का बेंबी?”

पाहुण्याला काहीच कळेना. बिचारा कधी आजीकडे बघतो, कधी माझ्याकडे. मी म्हटलं, “अजी, ते म्हातारी तुमाले पूजाअर्चा नाई विचारत. तुमचं कुळ कोनतं थे विचारून रायली.”

“ते मला माहीत नाही,” तो म्हणाला. आता आवाजातली ऐट गेली होती.

या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली. आमचं जामगुडा पांढरकवड्याच्या खाली, पार राज्याच्या सीमेच्या कडेला. सगळी गोंडांची वस्ती. माझे बाबा, माणकू पाटील, त्या गुड्याचे, म्हणजे वस्तीचे, मुखिया. मी तेव्हा बालवाडीवर होते आणि लग्न व्हायचं राहिलं होतं, म्हणजे गावाच्या हिशोबाने घोडनवरीच.

आणि तो पाहुणा सुखराम. सुखराम गोंड. हो, आडनावच गोंड. बाप नागपुरात कापडगिरणीत होता. शाळेत मास्तरांनी आडनाव विचारलं, बापाने जात सांगितली, मास्तरांनी तीच लिहून टाकली. पुढे आईबाप दोघंही गेले. पोरगा वसतिगृहात वाढला, बी.ए. झाला आणि हक्क समितीचा कार्यकर्ता होऊन आमच्या गुड्यात येऊन ठेपला. कारणही तसंच होतं. पिढ्यान् पिढ्या वाहिलेल्या आमच्या जमिनी नव्या मोजणीत जंगलखात्याच्या हद्दीत निघाल्या होत्या, आणि जमिनी सोडा म्हणून नोटिसा आल्या होत्या. समितीचं म्हणणं, आपला माणूस जिल्हा परिषदेत बसल्याशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही. जागा राखीव होती. पण दर वेळी मोठ्या पक्षाचं कोणीतरी कुठलं तरी बाहुलं आणून उभं करायचं.

आता हे देवांचं प्रकरण सांगते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. आम्हा गोंडांत माणूस भेटला की नाव नंतर. आधी विचारतात, किती देवाचा? कोणी चार देवांचं असतं, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्याचे देव आपल्याइतके तो आपला भाऊ. ज्याचे वेगळे तो सोयरा. भावाशी लग्न होत नाही, सोयऱ्याशी होतं. झालं, एवढंच. पण या एवढ्यावर सगळं ठरतं. कोणाला दादा म्हणायचं, कोणाची थट्टा करायची, पंगतीत कोण कुठे बसणार, मयताला कोण खांदा देणार. मग ज्याला देवच ठाऊक नाहीत त्याला आम्ही म्हणायचं तरी काय? सुखरामला महिनोन् महिने सगळे ‘ओ समितीवाले’ म्हणत आणि अंगणाबाहेरच्या बाजेवर बसवत. चहा मिळायचा, जेवण मिळायचं, पण बाज काही आत येईना.

मला मेलीला लहानपणापासून चौकशा फार. शेजारी कोणती भाजी शिजली हे कळल्याशिवाय मला घास गिळत नसे. मग हा तर जिताजागता माणूस, आणि त्याचा पत्ताच हरवलेला! त्याला गोंडी नीट येत नव्हती, म्हणून बाबांनी दुभाषी म्हणून मला त्याच्याबरोबर गुड्यागुड्यांत पाठवलं. बरोबर लच्छूआजी, राखण म्हणून. आजी पुढे काठी टेकत चालायची, मागून आम्ही दोघं वाद घालत.

“मी म्हणतो, आपण सगळे गोंड. मग हे चार, पाच, सहा, सात कशाला?” तो म्हणायचा. “आपण आपल्यातच मोजत बसतो, म्हणून बाहेर आपल्याला कोणी मोजत नाही.”

“तुमी गोंड कशावरून?” मी विचारलं.

“म्हणजे काय? दाखल्यावर आहे.”

“दाखला तं पावसात भिजते जी.”

तो हसला. मळवाटेच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. मग म्हणाला, “वसतिगृहात पोरं मला जंगली म्हणायची. मी वॉर्डनला विचारलं, जंगली का म्हणतात? ते म्हणाले, तू गोंड आहेस म्हणून. मला गोंड असणं शिवी खाऊन कळलं, जैवंता. तुला देव मोजून कळलं.”

 

सरळ सांगते, माझा त्याच्यावर जीव जडला होता. त्याचाही माझ्यावर होता. तो ते बोलत नव्हता, पण आमच्या घरी येताना केस ओले करून भांग पाडून यायचा, त्यावरून आजीने कधीच ओळखलं होतं. एकदा ओढ्याशी थांबलो असताना त्याने विचारलं, “मला देव सापडले, तर तुझ्या बाबांकडे बोलायला येऊ?”

“कोनते सापडते त्याच्यावर हाय,” मी म्हटलं. “आमी सात. तुमी चार निघाले तं चालते, पाच चालते, सहा तं लईच चालते. सातच निघाले तं मंग माह्या लग्नात तुमाले आहेर घेऊन यावं लागन.”

“म्हणजे चारातले तीन डाव माझ्या बाजूचे.”

“अन् एक देवाच्या,” पुढून आजी म्हणाली. म्हातारीचे कान असे तिखट.

आम्ही त्याचे देव शोधले. खूप शोधले. त्याचा बाप कुठल्या गुड्यातून नागपूरला गेला, कोणाला ठाऊक असेल? बाजारात, जत्रेत, लग्नात, जिथे म्हातारं माणूस दिसेल तिथे मी विचारायची. कोणी म्हणे राजुऱ्याकडचा असेल, कोणी म्हणे नाकावरून तर पार छिंदवाड्याकडचा दिसतो. शेवटी चिन्नूमामा म्हणाला, “कशाले फिरता? मी घेतो त्याले.”

चिन्नूमामा माझ्या आईचा सख्खा भाऊ, सहा देवांचा. त्याला मूलबाळ नव्हतं. हरवलेल्या माणसाला कोणी पुढे होऊन घरात घेतलं, तर त्या घरचे देव त्याला लागतात, अशी आमच्याकडे रीत आहे. मामाने सुखरामला लेक म्हणून घेतलं की तो सहा देवांचा. वर माझा मामेभाऊ. आणि मामेभावाला पोरगी देणं म्हणजे आमच्यात पहिला मान. मामाने हे सगळं सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होते. हातातली राख तशीच, आणि तोंडावर हसू मावेना.

मग मी सुखरामची तालीमच घेतली. कारण मोहाच्या झाडाखाली सभा ठरली होती, सगळे गुडे येणार होते, आणि तिथे रिंगणात शिरायचं तर त्याला सगळ्यांसमोर देव सांगावे लागणार होते.

“आधी कटोडा विचारते,” मी शिकवलं. कटोडा म्हणजे आमचा पुजारी. “मंग मुखियाच्या घरची लेक पानी घेऊन येते. म्हंजे मी. सोयरा असला तं तांब्या त्याच्या म्होरं खाली ठेवते, तो आपले पाय आपन धुते. भाऊ असला तं लेक आपल्या हातानं त्याच्या पायावर पानी ओतते. तुमी सोयरे. मी तांब्या ठेवीन, तुमी उचलान, धुवान. झालं.”

“आणि तू चुकून ओतलंस तर?” त्याने थट्टेने विचारलं.

“मंग तुमी मेले,” मी म्हटलं. “ज्याचे पाय घरच्या लेकीनं धुतले तो त्या घरचा. मंग कटोड्याचाबी इलाज नाई.”

सभेच्या दिवशी दुपारी मोहाखाली माणूस मावेना. सगळे पुरुष रिंगण करून, बाया मागे. सुखराम रिंगणाबाहेर उभा राहून बोलला, आणि काय बोलला! नोटिसा कशा आल्या, मोजणी कशी झाली, कोर्टात काय करता येईल, सगळं साधं, स्वच्छ. मध्ये मध्ये मी शिकवलेली गोंडीची वाक्यंही चुकतमाकत घातली. म्हातारे माना डोलवत होते. निमगुड्याची एक बाई, जिच्या उभ्या पिकातून मोजणीची साखळी गेली होती, ती तर ऐकता ऐकता रडायलाच लागली. मला वाटलं, जिंकला गडी.

पण नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं. बाबांनी उठून सांगितलं की, समितीचा उमेदवार म्हणून सुखरामचं नाव आहे, आणि चिन्नू त्याला लेक म्हणून घेतोय. तसा इसरू दादा उठला. चार गुड्यांचा शब्द त्याच्याकडे. तो सात देवांचा, जसे आसपासचे बहुतेक गुडे होते.

“म्हंजे पुन्ना सहाच का?” तो म्हणाला. “माणकू, मागच्या खेपेले पक्षानं उभा केलेला कोन होता? सहाचाच होता. आपन सोयरा म्हून निवडून देल्ला. मंग विहिरी कुठं झाल्या? त्याच्या भावायच्या वावरात. रस्ता कुठं गेला? त्याच्या गुड्यात.”

“हा पोरगा तसा नाई,” बाबा म्हणाले.

“नसन. तोबी आधी तसा नव्हता. सोयऱ्याले पाट देऊ, पानी देऊ, पोरगी देऊ. घराची किल्ली नाई देत.”

चिन्नूमामा लालबुंद झाला. “मंग सहावाल्यायच्या जमिनी काय जंगलात नाई गेल्या का?”

“गेल्या. मंग तुमी तुमचा उभा करा, आमी आमचा करतो.”

“दोघं उभे केले तर दोघंही पडतील,” सुखराम बाहेरून ओरडला. पण त्याचं ऐकतं कोण! तो रिंगणाबाहेरचा. माणसं उठायला लागली. घोंगड्या झटकून खांद्यावर टाकायला लागली. निमगुड्याची ती बाई उभी राहून कधी इसरू दादाकडे बघे, कधी बाबांकडे, आणि कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. दीड वर्ष आम्ही पायपीट केली होती. ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत घोंगड्यांसारखं झटकलं जात होतं.

कटोड्याने काठी आपटली. “आजून पानी नाई झालं! पावना उभा हाय अन् तुमी उठता? बसा. पानी होऊ द्या, मंग जा कुठं जायाचं तं.”

रीत ती रीत. उठलेले उभेच राहिले, पण गेले नाहीत. कटोड्याने सुखरामला रिंगणाच्या तोंडाशी पाटावर उभं केलं आणि मला हाक मारली, “आण व पोरी.”

मी तांब्या घेऊन निघाले. बायांतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचेतो माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण एक कळत होतं. मी तांब्या खाली ठेवला की तो सहा म्हणणार. माझं लग्न होणार. आणि ही सगळी माणसं निघून जाणार.

कटोड्याने विचारलं, “किती देवाचा गा तू?”

सुखरामने माझ्याकडे बघितलं. तो घाबरला होता, पण त्याच्या ओठांवर ‘सहा’ होतं. मला स्पष्ट दिसत होतं. तो ते म्हणणार होता. सभा मोडली तरी म्हणणार होता, कारण त्याने मला शब्द दिला होता.

मी वाकले आणि तांब्या त्याच्या पायांवर ओतला.

पाणी गार होतं. त्याने पाय मागे घेतला नाही. नुसता पायांकडे बघत राहिला. मग वर बघितलं, माझ्या तोंडाकडे. मी मान हलवली नाही, काही नाही. हाताने त्याचे पाय धुतले, घोट्यापासून बोटांपर्यंत, जसे भावाचे धुतात तसे.

“सात,” तो म्हणाला. आवाज कसा फाटका आला.

मग कटोडा म्हणाला, “कोनाच्या घरचा सात?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडे. आम्ही काय ठरवलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. मी काय केलं तेही त्यांना कळलं. माझे बाबा पाटील होते, बापही होते. पण त्या घटकेला आधी बाप माझ्याकडे बघत होता, मग पाटील उठला.

“माह्या घरचा,” ते म्हणाले. “माह्या लेकीनं पाय धुतले.”

इसरू दादाने खांद्यावरची घोंगडी काढली आणि पुन्हा अंथरली. “असं हाय होय,” तो म्हणाला. “मंग माणकूचा लेक म्हंजे माह्या भावाचा लेक. ये गा, आत ये.” मागून एकेक करत सगळे बसले. चिन्नूमामाने तोंड उघडलं होतं, माझ्याकडे बघून मिटलं. पण उठून गेला नाही. जरा वेळाने आपल्या सहावाल्यांना म्हणाला, “भाचाच झाला आपला. भाच्याचं काम मामानं नाई करावं तं कोनं?” मोठ्या मनाचा माणूस होता माझा मामा. त्या दिवशी त्याचा लेक गेला, आणि त्याने एका शब्दाने बोल लावला नाही.

लोक आजही ती सभा सांगतात. पोरं तर तिच्यावर गाणं म्हणतात. सुखरामने विचारल्याबरोबर ‘सात’ सांगितलं, आणि मग पाटलाच्या लेकीनं पाणी ओतलं. असंच सांगतात. पाणी आधी पडलं होतं, हे त्या उठलेल्या गर्दीत पाहिलेली माणसं थोडी, आणि ती बोलली नाहीत. तो निवडून आला. भांडला, कोर्टात गेला, दोन वेळा तुरुंगातही गेला, आणि जमिनी राहिल्या. निमगुड्याच्या त्या बाईचे नातू आज तेच वावर वाहतात. तो पुढे सगळ्यांचाच झाला, चारवाल्यांचा, पाचवाल्यांचा, शेजारच्या कोलाम आदिवासींचासुद्धा. भाषणात म्हणायचा, आपण देव मोजायचे ते जोडायला, तोडायला नाही. त्याच्या तोंडी हे शोभायचं. मी मागच्या रांगेत बसून ऐकायची.

माझं लग्न पुढल्या उन्हाळ्यात झालं. नवरा सहा देवांचा, तालुक्याला शिपाई, स्वभावाने देवमाणूस. मी सुखात राहिले, खोटं का बोलू. लग्नात भावाचा मान सुखरामनेच घेतला. कोणी दुसरं घेणार नव्हतंच.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवशीची संध्याकाळ. सभा आटोपली, बायांनी पंगतीची भांडी आवरली. नागपूरची गाडी गाठायला तो निघाला, तेव्हा मी विहिरीवर होते. तो जवळ येऊन उभा राहिला. भांग विस्कटला होता.

“मी सहा म्हणणार होतो,” तो म्हणाला.

“ठाऊक हाय.”

“मग का?”

“गेले असते सगळे.”

“जाऊ दिले असते. पुन्हा फिरलो असतो गुड्यागुड्यांत. तू आणि मी.”

“अन् नोटिसा थांबल्या असत्या का तोवर?”

मी रहाट धरून उभी होते, आणि मला वाटत होतं की आता रडू आलं तर आवरायचं नाही. पण आलंच नाही. मग त्याने विचारलं, अगदी हळू, “आणि आपलं काय, जैवंता?”

“आपलं काय, दादा?”

तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मलाच दचकल्यासारखं झालं. त्याने डोळे मिटले, उघडले. मागून बाबांची हाक आली, गाडी चुकेल म्हणून. सगळे अंगणात उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते, भाऊ बहिणीचा निरोप घेतो ते बघायला. आमच्याकडे निघताना भाऊ काय करतो ते त्याला मी शिकवलं नव्हतं. शिकवायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं. पण इतकी लग्नं, इतके निरोप त्याने बाहेरच्या बाजेवर बसून पाहिले होते.

तो एक पाऊल पुढे आला आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. दीड वर्ष आम्ही एका वाटेने चाललो, ओढे ओलांडले, भांडलो, हसलो. इतक्या दिवसांत त्याचा हात मला कधी लागला नव्हता. तो पहिल्यांदा लागला.